टोळीनायकाचे क्रौर्य : दंड आणि रस

म्हैसूरच्या नजरबाद भागात मी राहते आणि कन्नड व मराठी ह्या दोन भाषांमध्ये अनुवादाच्या निमित्ताने माझी ये-जा चालू असते. मध्यंतरी शेजारच्या एका निवृत्त कन्नड प्राध्यापिकाबाईंबरोबर विधु विनोद चोप्रा ह्यांचा 'परिंदा' (१९८९) हा हिंदी चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला. त्यात नाना पाटेकरांनी उभा केलेला अण्णा सेठ हा टोळीनायक माणसांना ज्या थंडपणे मारतो, तो पाहून मी सहज उद्गारले, की हा माणूस इतका क्रूर का असावा? बाईंनी मान हलवली आणि एकच कन्नड शब्द उच्चारला : 'यारिगे?' म्हणजे, 'कोणाला?' हे सगळे तो कोणाला दाखवतो आहे, असे त्यांना विचारायचे होते.

अनुवादकाला विभक्तीचा खेळ फार दिवस चैन पडू देत नाही. माझा प्रश्न कारणाचा होता. त्यांचा प्रश्न चतुर्थीचा, म्हणजे संप्रदानाचा होता. दान म्हटले की ते घेणारा कोणी तरी असतो, त्याप्रमाणे क्रौर्य म्हटले की ते ज्याला पोचवायचे तोही कोणी तरी असलाच पाहिजे, आणि पुष्कळदा तो मार खाणाऱ्याहून निराळा असतो, हे त्या एका शब्दाने मला सुचवले. गुन्हेगारी चित्रपटांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात हा चतुर्थीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो, असे मला वाटते. तो विचारला तर ह्या चित्रपटांची प्रतवारी करण्याची एक कसोटी हाती येते, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम रूढ उत्तरांचा विचार करू. टोळीनायकाच्या क्रौर्याची उपपत्ती सामान्यतः दोन प्रकारे लावली जाते. एक उत्तर स्वभावाचे : तो खलपुरुष आहे, म्हणून क्रूर आहे. दुसरे उत्तर परिस्थितीचे : दारिद्र्य, अपमान, बंद पडलेली गिरणी, हातून गेलेली जमीन ह्यांनी त्याला असे बनवले. पहिले उत्तर म्हणजे प्रश्नाचीच पुनरुक्ती होय. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते अर्ध्या वाटेवर थांबते. माणूस गुन्हेगारीकडे का वळला हे परिस्थितीवरून कळते. परंतु एका तडाख्याने काम भागत असता तो दहा तडाखे का मारतो, एकांतात मारता येत असता चौकात का मारतो, हे तिच्यावरून कळत नाही. क्रौर्याचा प्रश्न हा नेहमी ह्या अतिरिक्त नऊ तडाख्यांचा प्रश्न असतो. जेवढी हिंसा कामापुरती असते तेवढी व्यवसायात मोडते. तिच्या पलीकडची जी हिंसा, तिचा हिशेब समीक्षेला द्यावा लागतो.

हा हिशेब मांडताना ज्या ग्रंथाची आठवण होते, तो आधुनिक काळात ह्याच शहरातून जगापुढे आला, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात १९०५ मध्ये आर. शामशास्त्री ह्यांच्या हाती कौटिलीय अर्थशास्त्राचे हस्तलिखित आले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. ह्या ग्रंथाच्या आरंभीच दंडाची चर्चा आहे. कठोर दंड देणाऱ्याचा लोकांना उद्वेग येतो, मवाळ दंड देणाऱ्याला लोक जुमानत नाहीत आणि ज्याचा दंड अपराधाच्या मापाचा, म्हणजे यथार्ह, असतो त्याला लोक मानतात, असा कौटिल्याचा अभिप्राय आहे. दंडच नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मत्स्यन्यायाचा दाखलाही तेथेच येतो.

आता टोळीनायकाला हे तीन दंड लावून पाहावेत. मवाळ दंड त्याला परवडत नाही, हे उघड आहे. परंतु यथार्ह दंड तरी त्याला का परवडू नये? तोही व्यवहारी माणूस असतो. उद्वेगाने माणसे दुरावतात हे त्यालाही कळत असते. अडचण अशी, की यथार्ह दंडासाठी काही गोष्टी आधीपासून असाव्या लागतात. नियम सर्वांना माहीत असावा लागतो. अपराधाची नोंद ठेवणारी वही लागते. साक्षीपुरावा तोलणारा तिसरा माणूस लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शिक्षा आज झाली नाही तरी उद्या होईल, परवा होईल, असा धीर लागतो. राजसत्तेला हा धीर असतो, कारण राजा गेला तरी गादी राहते. टोळीनायकाची गादी त्याच्या देहाबरोबर संपते. त्याचे सगळे करार तोंडी असतात. खंडणीची पावती नसते, चोरट्या मालाचा दस्त नसतो, भागीदारीला मुद्रांक नसतो. ज्याने पैसे बुडवले त्याला तो कोर्टात खेचू शकत नाही. अशा स्थितीत शंभर देणेकऱ्यांकडून वसुली करावयाची तर एकाला असे काही करावे लागते, की उरलेल्या नव्याण्णवांना पुन्हा सांगण्याची गरज पडू नये. ते अतिरिक्त नऊ तडाखे त्या नव्याण्णवांसाठी असतात. कागद नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या अंगावर लिहिलेला तो दस्तऐवज असतो.

ह्या कागदाच्या अभावाला आणखी एक बाजू आहे आणि ती भाषेत दिसते. टोळीनायकांना आपण कोणत्या नावांनी ओळखतो ते पाहावे : दादा, भाई, भाऊ, अण्णा, नाना, मामा. ही सगळी घरातली नावे. मराठीत 'दादा' हा शब्द थोरल्या भावाला आणि गल्लीतल्या गुंडाला एकाच उच्चाराने लागू पडतो आणि 'दादागिरी' ह्या शब्दात तर थोरला भाऊ जवळजवळ नाहीसाच होतो. कन्नडमध्ये 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊच. पण गुंडासाठी बोलीत सरसकट चालतो तो 'रौडी' हा परका शब्द. त्यामुळे मराठी 'दादा' कन्नडमध्ये नेताना दर वेळी मला निवड करावी लागते. भाऊ ठेवला तर गुंड निसटतो, गुंड ठेवला तर भाऊ. ही केवळ अनुवादाची अडचण नव्हे. टोळीनायकाजवळ राजाचा हुकूमनामा नसतो, म्हणून तो कुटुंबाचा अधिकार उसना घेतो. परंतु थोरल्या भावाचा अधिकार जन्माने आणि मायेने सिद्ध होत असतो. उसना घेतलेला अधिकार रोज सिद्ध करून दाखवावा लागतो. नात्याचे नाव आणि नात्याला न शोभणारे क्रौर्य ही जोडी म्हणूनच ह्या चित्रपटांत इतक्या नेमाने आढळते.

महेश मांजरेकर ह्यांच्या 'वास्तव' (१९९९) ह्या चित्रपटाचा शेवट ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पावभाजीच्या गाडीवरील भांडणातून रघूच्या हातून खून होतो आणि तो टोळीच्या जगात ओढला जातो. राजकारणी त्याला वापरतात आणि नकोसा झाल्यावर टाकून देतात. शेवटी त्याला गोळी घालते ती त्याची आई. ज्या घराचे नाव टोळीने उसने घेतले होते ते घरच ते परत मागून घेते, असा त्या शेवटाचा अर्थ मला लागतो.

येथवर आपण क्रौर्याच्या व्यवहाराचा विचार केला. पण चित्रपट ही कलाकृती आहे आणि तेथे आणखी एक चतुर्थी उपस्थित होते. पडद्यावरचे क्रौर्य पडद्यावरच्या साक्षीदारांना उद्देशून असते. परंतु ते दृश्य आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना, उद्देशून असते. ह्या दोन चतुर्थींचा परस्परसंबंध काय, हा खरा समीक्षेचा प्रश्न होय. त्यासाठी भरताचा आधार घेणे मला सोयीचे वाटते.

नाट्यशास्त्रात चार रस मूळ मानले आहेत आणि त्यांपासून इतर चार उद्भवतात असे सांगितले आहे. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक, अशा त्या जोड्या आहेत. टोळीनायकाची हिंसा वरकरणी रौद्र दिसते. परंतु रौद्राचा स्थायी भाव क्रोध आहे आणि हिशेबी टोळीनायकाला क्रोध आलेला असतोच असे नाही. किंबहुना तो जितका शांत तितका अधिक भीतिदायक वाटतो. त्याला हवे असते ते लोकांचे भय आणि तेथे पोचण्यासाठी तो जी वाट धरतो ती नेमकी भरताने सांगितलेली वाट आहे. तो किळस येईल असे काही करतो, म्हणजे बीभत्स निर्माण करतो, आणि त्यातून साक्षीदारांच्या मनात भयानक उपजतो. ज्याने नाट्यशास्त्राचे नावही ऐकलेले नाही अशा माणसाला बाजारपेठेच्या अनुभवातून हे सूत्र गवसते, ह्यात नवल नाही. शास्त्र अनुभवाच्या मागूनच येत असते.

आता कसोटी अशी मांडता येईल. पडद्यावरच्या साक्षीदाराला जे भय वाटते त्याचा प्रत्यय चित्रपट आपल्याला देतो काय? की तेच कृत्य तो आपल्यापुरते वीरात बदलून आपल्याला अद्भुताकडे नेतो? पहिल्या प्रकारात आपण त्या नव्याण्णवांच्या रांगेत उभे असतो. दुसऱ्या प्रकारात आपण नायकाच्या खांद्यामागे उभे राहून त्या नव्याण्णवांकडे पाहू लागतो. दोन्हीकडे रक्त तेवढेच सांडते. आपली जागा मात्र बदललेली असते.

ही कसोटी प्रथम गोविंद निहलानी ह्यांच्या 'अर्धसत्य' (१९८३) ह्या चित्रपटाला लावू. शीर्षक दिलीप चित्रे ह्यांच्या कवितेवरून आले, कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि संवाद वसंत देव ह्यांचे. हिंदीत बोलणाऱ्या ह्या चित्रपटाचा पिंड असा मराठी साहित्यातून घडला आहे. सदाशिव अमरापूरकरांनी उभा केलेला रामा शेट्टी हा त्यातील टोळीनायक, आणि आश्चर्य असे की, पडद्यावर हा माणूस फारसा कोणाच्या अंगाला हात लावताना दिसत नाही. त्याच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून मरणाच्या दारातला एक भाजलेला माणूस आपल्यापुढे येतो. परंतु अनंत वेलणकर हा फौजदार त्याला पकडायला जातो, तेव्हा शेट्टी हत्याराकडे वळत नाही. तो वरच्या अधिकाऱ्याला दूरध्वनी करतो, आणि फौजदाराला रिकाम्या हाताने परतावे लागते.

आपल्या उपपत्तीच्या दृष्टीने हे अगदी सुसंगत आहे. रामा शेट्टीला राजसत्तेचा कागद जवळजवळ मिळालेला आहे. निवडणुकीचे राजकारण त्याच्या आटोक्यात आलेले आहे. ज्याच्या हाती दूरध्वनी आहे त्याला सुरा चालवून दाखवण्याचे कारण उरत नाही. उलट चित्रपटातील उघडीवाघडी हिंसा कोणाच्या वाट्याला येते? ती येते कायद्याचा गणवेश घातलेल्या वेलणकराच्या वाट्याला. कोठडीतल्या एका क्षुल्लक चोराला तो मरेपर्यंत मारतो. त्या माराचे संप्रदान शोधू गेले तर तेथे तो चोर नाही. तेथे रामा शेट्टी आहे, वरिष्ठ आहेत आणि निवृत्त हवालदार असलेला, हाताची जरब घरात चालवणारा बापही आहे. ज्यांना तडाखा पोचायला हवा होता त्यांच्यापर्यंत वेलणकराचा हात पोचत नव्हता. यथार्ह दंडाची सगळी सामग्री ज्याच्याजवळ असायला हवी, तो ती निकामी झाल्यामुळे तीक्ष्ण दंडाकडे वळतो, आणि दंडाची काहीच सामग्री नसलेला टोळीनायक शांतपणे बसून राहतो. ही अदलाबदल हा ह्या चित्रपटाचा गाभा आहे.

तेंडुलकरांना हा गाभा सापडावा ह्यात आकस्मिक काही नाही. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) ह्या नाटकात त्यांनी हीच मांडणी पेशवाईच्या पुण्यात केलेली होती. त्यानंतर नेहरू अभ्यासवृत्ती घेऊन त्यांनी भारतीय समाजातील हिंसेचा अभ्यासही केला. घाशीराम हा एका अर्थाने मराठी रंगभूमीवरचा पहिला मोठा टोळीनायक होय. त्याची कोतवाली स्वतःच्या मुलीच्या मोबदल्यात मिळवलेली, म्हणजे उसनी. म्हणून तिचे प्रदर्शन अमर्याद. नाना फडणवीसांना क्रूर दिसण्याची गरज पडत नाही, कारण हुकमावर सही त्यांची असते. घाशीरामाचे क्रौर्य ते वापरतात, आणि लोकांचा उद्वेग शिगेला पोचताच एका सहीनिशी घाशीरामालाच जमावाच्या स्वाधीन करतात. तीक्ष्ण दंडाची बदनामी एकाच्या माथी आणि त्याचे फळ दुसऱ्याच्या पदरी, अशी ही श्रमविभागणी आहे.

राम गोपाल वर्मा ह्यांच्या 'सत्या' (१९९८) ह्या चित्रपटात हीच जोडी भाऊ ठाकुरदास झावळे आणि भिकू म्हात्रे ह्यांच्या रूपाने पुन्हा भेटते. भिकू हा रागीट, हसरा, बायकोच्या हातचा मार खाणारा आणि मित्रासाठी जीव टाकणारा माणूस; मनोज बाजपेयींनी त्याला एवढा जिवंत केला, की चित्रपटाचे नाव दुसऱ्याचे असूनही लोकांच्या तोंडी भिकूच राहिला. निवडणूक तोंडावर असता प्रतिस्पर्धी गुरू नारायण ह्याला हात लावू नये असा भाऊचा आदेश असतो. भिकू तो मोडतो. भाऊ त्या वेळी काहीच करत नाही. तो निवडणूक जिंकतो, विजयाचा आनंद साजरा होत असतो, आणि त्या जल्लोषात भाऊ भिकूला गोळी घालतो. येथे अतिरिक्त तडाखा एकही नाही. भाऊपाशी आता उद्या आहे. म्हणून तो आजची शिक्षा उद्यावर टाकू शकला. कागद हाती येताच क्रौर्य किती मितभाषी होते, ह्याचा ह्याहून नेमका दाखला मला दुसरा आठवत नाही. त्या गोळीने आपल्याला धक्का बसतो तो ती अकस्मात येते म्हणून नव्हे; भिकूच्या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा ही शांतता अधिक जुनी आणि अधिक खानदानी आहे, हे त्या क्षणी उमगते म्हणून.

ह्याच चित्रपटात गुन्हेगारांशी लढताना पोलिसांनी कायद्याच्या मर्यादा किती पाळाव्यात, हा प्रश्नही उभा राहतो, आणि पोलीस मोकळ्या हाताने माणसे मारू लागतात. म्हणजे एकीकडे टोळीनायक कागदाकडे सरकतो आहे आणि दुसरीकडे कागदवाले टोळीच्या रीतीकडे सरकत आहेत. 'अर्धसत्य'मध्ये एका वेलणकराचे जे झाले, ते येथे सबंध यंत्रणेचे धोरण होते.

कागदाचा हा धागा प्रवीण तरडे ह्यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) ह्या मराठी चित्रपटात अधिक मूळ जागी पोचतो. पुण्यालगतच्या मुळशीतल्या शेतकऱ्याची जमीन विकली जाते, पैसा सरतो आणि त्याचा मुलगा गुंडांच्या आश्रयाला जातो. सातबाऱ्यावरचे नाव गेले, की मराठी शेतकऱ्याच्या घरात नेमके काय जाते हे शहरी वाचकाला समजावून सांगणे कठीण आहे. उत्पन्न तर जातेच, पण गावात बोलण्याचा हक्कही जातो. सरकारी उताऱ्यावरचे नाव गेल्यावर तो मुलगा आपले नाव लोकांच्या भयात नोंदवू पाहतो. चित्रपट काही ठिकाणी ह्या मुलाच्या रुबाबावर भाळतो आणि तेवढ्यापुरता वीराकडे झुकतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि बापाचा पराभूत चेहरा तो कधी नजरेआड होऊ देत नाही, आणि म्हणून त्याचा एकूण तोल करुणाकडे राहतो.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो मी स्वतःच स्वतःवर घेतलेला आहे. क्रौर्याची अशी व्यवहारी उपपत्ती लावताना आपण टोळीनायकाला एक हिशेबी कारभारी बनवून टाकत नाही काय? माणसाला मारण्यात काहींना सुखही वाटते. ते सुख ह्या हिशेबात कोठे बसते? आक्षेप रास्त आहे. हिशेबात न बसणारे काही तरी उरते, आणि त्या उरलेल्या भागाला आकार देण्यात कलावंताची खरी परीक्षा असते.

'परिंदा'तील अण्णाकडे पुन्हा वळू. ह्या माणसाला विस्तवाचे भय आहे. त्याच्या बायकोचा आणि मुलाचा शेवट आगीत झालेला असून ती आग त्यानेच लावली, असे चित्रपट सुचवतो. ह्या कथेचा त्याला व्यवहारात उपयोग आहे. ज्याने स्वतःच्या घरच्यांना सोडले नाही तो आपल्याला काय सोडणार, असे ऐकणाऱ्याला वाटते. म्हणजे ते क्रौर्यही साक्षीदारांना उद्देशून होते. परंतु एक साक्षीदार असा होता की ज्याच्यापासून अण्णाला दूर जाता येईना, आणि तो म्हणजे अण्णा स्वतः. त्याने पाठवलेला निरोप त्यालाही पोचला. इतरांना भिवविण्यासाठी केलेल्या कृत्याला तो जन्मभर भीत राहतो, आणि शेवटी आगीतच मरतो. पुढे तो जे जे क्रूर करतो, अगदी लग्नाच्या रात्री नवराबायकोला मारण्यापर्यंत, त्यात हिशेबाइतकेच भयही आहे. ज्या रसाचा तो निर्माता होता त्याचाच तो प्रेक्षकही झालेला आहे. नाना पाटेकरांचा अभिनय मोठा ठरतो तो ह्या जागी. ते क्रौर्याला चव आणत नाहीत. मागून कोणी तरी येत आहे अशा घाईने ते मारतात.

कन्नडमधले एक अलीकडचे उदाहरण ह्या उरलेल्या भागाचे दुसरे टोक दाखवते. राज बी. शेट्टी ह्यांचा 'गरुड गमन वृषभ वाहन' (२०२१) हा मंगळूरमध्ये घडणारा चित्रपट हरी आणि शिव ह्या दोन मित्रांच्या टोळीची गोष्ट सांगतो. हरी हिशेबी आहे. त्याची हिंसा आपल्या उपपत्तीत सहज बसते. शिव मात्र तीत बसत नाही. खून करून आल्यावर तो पावसात किनारपट्टीवरच्या वाघनृत्याच्या ढंगाने नाचू लागतो. त्या नाचाला संप्रदान नाही. तो कोणालाही काही कळवत नाही. शेजारच्या बाईंनी 'यारिगे?' असे येथे विचारले असते तर उत्तर देता आले नसते, आणि म्हणूनच ते दृश्य पाहताना अंगावर काटा येतो. आपल्याला उद्देशून केलेल्या क्रौर्यापासून हिशेब चुकता करून सुटता येते. कोणालाच उद्देशून नसलेल्या क्रौर्यापाशी तडजोडीचा मार्गच नसतो. चित्रपट ही गोष्ट सांगतो तो ब्रह्मय्या नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडून, आणि तो भित्रा, दबलेला माणूस आहे. निवेदक भ्यालेला असल्यामुळे आपणही भीतच राहतो; शिवाच्या खांद्यामागे जाऊन उभे राहण्याची सवड आपल्याला मिळत नाही.

ह्याच्याशेजारी 'केजीएफ' (२०१८) ठेवून पाहावा. प्रशांत नील ह्यांचा हा चित्रपट देशभर गाजला, आणि त्याचा नायक यश ह्याचे बालपण म्हैसुरातच गेलेले असल्यामुळे आमच्या परिसरात त्याचे कौतुक आजही ओसरलेले नाही. येथेही निवेदक आहे. एक वृद्ध पत्रकार दूरचित्रवाणीच्या संपादिकेला रॉकीची कथा सांगतो, आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर कुतूहलाच्या जागी विस्मय उमटत जातो. तो विस्मय म्हणजे प्रेक्षकाने काय अनुभवावे ह्याची दिलेली सूचनाच होय. खाणीतला जुलमी मालक गरुड मजुरांना मारतो तेव्हा ते भयानक असते. रॉकी गरुडाचा शिरच्छेद करतो तेव्हा तीच रीत, तेच साक्षीदार मजूर. परंतु ह्या खेपेला त्यांच्या भयाच्या जागी भक्ती येते. बीभत्साचे वीरात आणि भयानकाचे अद्भुतात झालेले रूपांतर एवढ्या उघडपणे क्वचितच पाहायला मिळते. कौशल्याच्या बाबतीत चित्रपट उणा नाही, आणि तो आवडणाऱ्यांना मी दोष देत नाही. पाहताना मीही काही काळ रॉकीच्या खांद्यामागे उभी होते. पण चित्रगृहातून बाहेर पडल्यावर आपण कोणाच्या बाजूने उभे होतो हे आठवले पाहिजे. मजुरांना मालक बदलून मिळाला, दंडाची जात तीच राहिली. ह्या बदलाला चित्रपट मुक्ती म्हणतो. ते मान्य करणे मला जमले नाही.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा आहे असे कोणी समजू नये. मी राहते त्या नजरबादच्या इतिहासाचा येथे ओझरता उल्लेख करते. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याच्या दगडांनी येथे नवा किल्ला बांधण्यास घेतला. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर वडियारांचे राज्य पुनः स्थापन झाले, आणि तेच दगड जुन्या जागी परत नेले गेले. पाडणे आणि वाहून नेणे हे दोन्ही वेळा लोकांना दिसावे असेच झाले असणार. म्हणजे प्रत्यक्ष राज्यकर्त्यांनाही, गादीचा हक्क वादग्रस्त असला, की प्रदर्शनाची भाषा बोलावी लागते. टोळीनायकाचा चित्रपट हा अशा रीतीने गुन्हेगारापुरता उरत नाही. ज्या ज्या सत्तेला आपला कागद पुरेसा वाटत नाही तिचे तो लहान आकारातले चित्र असतो. अशा सत्तेकडे पाहताना भ्यावे की भारावून जावे, ह्याची सवय आपल्याला चित्रगृहातही लागत असते. उद्या चौकात कोणी कोणाला मारत असता आपण त्या प्रसंगाचा अर्थ कसा लावू, हे थोडेबहुत त्या सवयीवर अवलंबून राहील.

म्हणून टोळीनायक इतका क्रूर का, ह्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : त्याच्याजवळ कागद नाही आणि उद्या नाही, म्हणून त्याला आजच, सर्वांदेखत आणि गरजेपेक्षा अधिक मारावे लागते. चांगला चित्रपट ही गरज दाखवतो, तिची किंमत दाखवतो, आणि आपल्याला साक्षीदारांच्या रांगेतून हलू देत नाही. सुमार चित्रपट त्या गरजेलाच पराक्रम म्हणतो.

'दादा' ह्या शब्दासाठी कन्नडमध्ये काय ठेवावे हे मी अजून ठरवलेले नाही. सध्या हस्तलिखितात मी 'अण्णा' लिहून ठेवले आहे. शेजारच्या बाईंना ते वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, 'अहो, हा शब्द ऐकून मला माझा भाऊच आठवणार.' वाचकाला प्रथम भाऊ आठवावा आणि मग त्याला भय वाटावे, असेच मला वाटते. निदान मूळ शब्द मराठी वाचकाशी तसेच करत आला आहे.